शाल नको, बिल द्या

२७ जून जवळ आला की दरवर्षी तेच. सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग दिन. स्टेजवर पाहुणे, 'अर्थव्यवस्थेचा कणा' वगैरे भाषण, शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो. देशाच्या उत्पन्नात जवळपास ३० टक्के, निर्यातीत ४५ टक्क्यांच्या आसपास वाटा यांचा, हेही वाचून दाखवतात. आम्ही पत्रकार मंडळी पुरवणी काढतो. ('उद्योगरत्न' कसे ठरतात ते मला विचारू नका, जाहिराती मीच गोळा केल्यात.)

आमच्या दाजींचं एमआयडीसीत वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार पोरं. एका मोठ्या कंपनीला पार्ट देतात. नोव्हेंबरात माल गेला, आज जून उजाडला, पैसे नाहीत. जीएसटी मात्र डिसेंबरच्या २० तारखेला भरून मोकळे, तोही न मिळालेल्या पैशांवर! पोरांच्या पगारासाठी ताईच्या पाटल्या बँकेत गेल्या.

कायदा नाही का? आहे की. २००६ चा कायदा सांगतो, लेखी करार असला तरी ४५ दिवसांवर उधारी नाही, करार नसेल तर १५. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२४ पासून आयकराचं ४३बी(एच) आलं, मुदत टळलेलं बिल प्रत्यक्ष चुकतं केल्याशिवाय खर्चात धरता येत नाही.

मग तक्रार का नाही करत? केली की पुढची ऑर्डर बंद, एवढं साधं आहे. उलट परचेसवाल्याने सांगितलं, "बिलावर उद्यम नंबर टाकू नका."

म्हणजे मोठी कंपनी वर्कशॉपचे पैसे बिनव्याजी वापरणार आणि वर्कशॉपवाला बँकेला व्याज भरणार. कणा कसला, पाठीवर बसलेत हे!

तक्रार दाजींनीच का करायची? ४५ दिवसांवरची थकबाकी कंपन्यांना दर सहा महिन्यांनी सरकारला कळवावी लागतेच. नावं, रकमा सरकारदरबारी पडून आहेत. त्याच यादीवरून नोटिसा काढा ना. कोणी अडवलंय?

यंदा सत्काराचं निमंत्रण दाजींनाही आलंय. काल फोनवर म्हणाले, "पाव्हणं, स्टेजवर कंपनीचे साहेब असणार हायेत का, बघा की. बिलाचं तिथंच विचारतो."