सिस्टरची सही

"आम्हाला नको ती भानगड. औषध लिहायचं काम डॉक्टरांचं, द्यायचं आमचं." इंदूरच्या एका रुग्णालयात वीस वर्षं काढलेल्या सिस्टर मला ठामपणे म्हणाल्या.

त्यांच्याच वॉर्डात मी आईच्या उशाशी बसलो होतो. रात्रीचे दोन, ताप १०३. सिस्टरांनी फोनवर ताप, नाडी, बीपी सांगितलं आणि विचारलं, "सर, पॅरासिटामॉल लावू?" पलीकडून नुसता हुंकार आला. त्यांनी केसपेपरवर वेळ टाकली, बाटली चढवली. डॉक्टरांची सही सकाळच्या राउंडला झाली. निर्णय कोणाचा होता?

नको म्हणणाऱ्या सिस्टरना मी भित्रं म्हणणार नाही. एका नाइटला वॉर्डभर पेशंट, त्यात अनेकींची नोकरी कंत्राटी. चूक झाली तर पाठीशी कोण? पण म्हणून नर्सना औषध लिहायचा अधिकारच नको, हे मला पटत नाही. जबाबदारी आजही त्यांच्याच अंगावर आहे. कागदावर ती नाही, म्हणून संरक्षणही नाही.

डॉक्टरांच्या संघटनेचा आक्षेप वेगळा. २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ ने डॉक्टर नसलेल्यांना प्राथमिक उपचारांपुरती ठरावीक औषधं लिहिण्याचा मर्यादित परवाना देऊ केला, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशन रस्त्यावर उतरली. यातून भोंदू डॉक्टर माजतील, असं त्यांचं म्हणणं. अर्धवट शिकलेल्याच्या हाती पेन देऊ नये, हे मलाही मान्य. पण चार वर्षं बी.एस्सी. नर्सिंग केलेली मुलगी अर्धवट कशी? बाळंतपणात झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देण्याची मुभा सरकारनेच खेड्यातल्या एएनएमला, म्हणजे सहायक परिचारिकेला, दिली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. त्या घरोघरच्या देखभालीने नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ब्रिटनमध्ये नर्सच्या प्रिस्क्रिप्शनचा कायदा १९९२चा. २००६पासून तिथल्या खास प्रशिक्षित नर्सेस आपल्या कक्षेतली जवळजवळ सगळी औषधं लिहितात.

तेव्हा सुरुवात लहान यादीने करावी: ताप, उलटी, दुखणं, मधुमेह-रक्तदाबाच्या चालू गोळ्या. अँटिबायोटिक तूर्त नको. वेगळं प्रशिक्षण हवं, सहीखाली सिस्टरांचा स्वतःचा नोंदणी क्रमांक हवा, आणि यादीत राहून दिलेल्या औषधासाठी कायद्याचं कवच हवं. हे कवच आणि वाढीव पगार न देता नुसतं काम त्यांच्या गळ्यात मारणार असाल, तर त्या सिस्टरांच्या "नको"च्या बाजूने मीही उभा राहीन.