तीन दरपत्रकं आणि एक ईसीजी

परवा माझी भाची आली होती. ती एका ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. आल्यापासून बघते तर डोकं मोबाईलमध्ये! म्हटलं, "अगं, मावशीकडे आलीस ना?"
"ईसीजीचा कागद शोधतेय गं. नवीन मशीन आलंय, पण जुने रोल त्याला बसत नाहीत आणि याचे आमच्या तालुक्यात मिळत नाहीत."
"मग छातीत दुखतंय म्हणून आलेला माणूस?"
"जिल्ह्याला पाठवतो," ती म्हणाली आणि गप्प झाली.

खरेदीत भानगड काही नव्हती. सगळं ऑनलाईन, नियमाप्रमाणे, सर्वात कमी दराने. रुग्णालयात कोणता रोल मिळतो, हे मात्र खरेदी करताना कोणी विचारलंच नव्हतं.

आता माझी एक गोष्ट सांगते. मी शाळेत असताना प्रयोगशाळेच्या खरेदी समितीवर होते. नियम तीन दरपत्रकांचा. आमचा दुकानदार तिन्ही दरपत्रकं स्वतःच आणून द्यायचा! लेटरहेड तीन, अक्षर एकच. मला ते दिसत होतं, तरी मी सही केली. त्या सूक्ष्मदर्शकांतून मुलांना कांद्याचा पापुद्रा कधी धड दिसला नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मात्र ती व्यवस्थित दिसत होती.

त्यामुळे "आमच्या वेळी बरं होतं" असं म्हणायचा मला हक्क नाही. केंद्र सरकारने 2016 साली 'जेम' हा ऑनलाईन बाजार सुरू केला. तिथे सरकारी रुग्णालयं पलंगापासून मोठ्या यंत्रापर्यंत वस्तू घेऊ शकतात. देशातले विक्रेते बोली लावतात. उलटा लिलावही होतो, म्हणजे प्रत्येकाने आधीच्यापेक्षा कमी किंमत सांगायची. आमच्या दुकानदाराची तीन लेटरहेडं तिथे इतक्या सहज खपली नसती. हा फायदा मोठा आहे, आणि तो मान्य करायलाच हवा.

पण संगणक आपण विचारलं तेवढंच सांगतो. किंमत विचारली की किंमत. कागद कुठे मिळेल, बिघडल्यावर दुरुस्तीला कोण येईल, वीज गेली तर बॅटरी किती वेळ चालेल, हे निविदेत लिहिलंच नाही तर उत्तर कुठून येणार? आणि लिहिणारा बहुतेक वेळा ते यंत्र वापरणारा नसतो.

बिघाडाचा प्रश्न लहान नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने सरकारी रुग्णालयांतल्या उपकरणांची मोजदाद केली, तेव्हा वेगवेगळ्या राज्यांत 13 ते 34 टक्के उपकरणं बंद आढळली. त्यानंतर 2015 साली देखभालीचा कार्यक्रम आला. जिल्हा रुग्णालयातली उपकरणं 95 टक्के वेळ चालू असली पाहिजेत, प्राथमिक आरोग्य केंद्रातली 80 टक्के, असं त्यात ठरलं. हीच मला खरी डिजिटल कल्पना वाटते. यंत्र किती स्वस्त मिळालं, एवढ्यावर न थांबता ते किती दिवस चाललं याचीही नोंद ठेवायची, आणि पुढच्या खरेदीच्या वेळी ती नोंद समोर उघडायची.

माझं म्हणणं साधं आहे. निविदा काढण्यापूर्वी त्या खोलीतल्या सिस्टरला, तंत्रज्ञाला दोन प्रश्न विचारा. पाच वर्षांचा कागद, जेल, दुरुस्ती धरून किंमत मांडा. वर्षभर पडून राहिलेलं स्वस्त यंत्र सगळ्यात महाग पडतं, हे गणित चौथीच्या मुलालाही कळेल.

असो. भाचीने शेवटी पदरचे पैसे घालून सहा रोल मागवले. "पावती ठेव," मी म्हटलं. ती हसली, "मावशी, या पावतीला रकानाच नाही!"

तो रकाना कोणीतरी घालायला हवा. माझ्या त्या सहीच्या वेळी मी नाही बोलले, म्हणून आज बोलते आहे. तुम्हाला काय वाटतं?