निकाल काहीही लागो, रस्ता बंद होऊ देऊ नका

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव, विजयपूर या जिल्ह्यांतल्या मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या सर्व बंधू-भगिनींना कळकळीची विनंती.

१ नोव्हेंबर जवळ आला आहे. बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघेल, दुसरीकडे सीमाभाग महाराष्ट्रात हवा म्हणणारे काळा दिवस पाळतील. पुढे सुवर्णसौधमध्ये कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन, त्याला उत्तर म्हणून मराठी संघटनांच्या महामेळाव्याची हाक, आणि कोगनोळी नाक्यावर पोलिसांचा बंदोबस्त. हे दरवर्षीचंच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, लगोलग पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेवरून वाद होऊन एका कन्नड वाहकाला मारहाण झाली, तर चित्रदुर्गात आपल्या एसटीच्या चालकाच्या तोंडाला काळं फासलं. दोन्ही वेळा बससेवा थांबली. सुरुवात मूठभरांनी केली, भोगलं हजारोंनी.

एसटी थांबली की काय होतं, हे मुंबईत किंवा बंगळूरला बसून कळत नाही. चंदगडचा पेशंट अडला की बेळगावचाच दवाखाना गाठतो. निपाणीची पोरं कोल्हापुरात शिकतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापुरातून सौंदत्तीच्या यल्लम्माला गाड्यांच्या गाड्या निघतात, आणि तो बहुतेक वेळा अधिवेशनाचाच काळ असतो.

हा चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत तेवढा वेगळा काढला आणि उरलेला जिल्हा म्हैसूर राज्याला जोडला. सोयरीक, बाजार, देव सगळं होतं तिथेच राहिलं. मधून राज्याची हद्द गेली. सीमाभागातल्या मराठी माणसावर तेव्हा अन्याय झाला असं मी मानतो. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबारात पडलेल्या हुतात्म्यांपुढे मी मान झुकवतो. मागणी सोडा, असं मी कुणालाच सांगणार नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तिथे नेटाने लढला जावा.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. रेषा कशीही आखली तरी नको त्या बाजूला पडलेली माणसं उरणारच. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव कर्नाटकाकडे ठेवून २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकाला द्यायला सांगितलं होतं. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. आज आपण ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, त्यांतही कन्नड घरं आहेत. त्या घरांना आज आपली भीती वाटत असेल, तर उद्या निकाल आपल्या बाजूने लागूनही शांतता कशी नांदणार?

उत्तर आयर्लंडकडे पाहा. तीसेक वर्षांच्या रक्तपातात तिथे साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. १९९८ च्या करारानंतर आयर्लंड प्रजासत्ताकाच्या सीमेवरच्या लष्करी चौक्या हटल्या, ये-जा मोकळी झाली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडू लागला तेव्हा ते नाके परत येतील या नुसत्या शंकेने आयर्लंडशी एक होऊ पाहणारा समाज धास्तावला. मग मालाची तपासणी समुद्रकाठच्या बंदरांवर नेली, तर आपल्याला ब्रिटनपासून तोडलं म्हणून ब्रिटनशी निष्ठा असलेला दुसरा समाज बिथरला. एप्रिल २०२१ मध्ये बेलफास्टमध्ये बस पेटवली गेली. त्यामागे इतरही कारणं होती. पण तेवीस वर्षांची शांतता असलेल्या शहरात हे घडलं, हे विसरू नका.

म्हणून हात जोडून सांगतो: एसटीवर, केएसआरटीसीवर, कुणाच्याही ट्रकवर हात उचलू नका. चालक-वाहकाने सीमा आखलेली नाही. कुणी दगड उचलत असेल तर त्याच्या गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी तिथेच त्याला अडवावं. मोबाइलवर आलेला मारहाणीचा व्हिडिओ कधीचा, कुठला हे कळेपर्यंत पुढे पाठवू नका. २०२२ मध्ये नेत्यांच्या नावाने खोटे ट्वीट फिरले आणि वातावरण तापलं, हे खुद्द केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांसोबतच्या बैठकीनंतर सांगितलं होतं. त्याच बैठकीत दोन्ही राज्यांच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरली. ती नियमित भरलीच पाहिजे. आपल्या आमदाराला भेटाल तेव्हा तिची पुढची बैठक कधी, एवढं विचाराच.

आणि महाराष्ट्राच्या बाजूच्या माझ्या माणसांनो, बेळगाव-खानापुरात मराठी शाळा आणि मराठी कागदपत्रं मिळावीत म्हणून आपण भांडतो. मग जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांत शिक्षक भरावेत म्हणूनही आपणच भांडलं पाहिजे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय घटनेच्या ३५०-अ कलमात आहे, आणि ते कलम दोन्ही राज्यांना सारखंच लागू आहे.

१ नोव्हेंबरच्या आत हद्दीलगतच्या प्रत्येक गावाने ग्रामसभा घ्यावी. 'आमच्या शिवारातून जाणारी कुठल्याही राज्याची गाडी आम्ही सुखरूप पुढे सोडू' असा ठराव मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून हद्दीच्या दोन्हीकडच्या जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावा. ज्या गावांना कन्नड मसुद्याची अडचण असेल, त्यांनी शेजारच्या गावातल्या कन्नड मास्तरांकडे जावं.