मान आणि मानकरी

आवडता खेळाडू संघांतून काढला गेला, किंवा त्याच्या हातचें कर्णधारपद दुसऱ्याकडे गेलें, म्हणजे प्रेक्षकांस जो संताप येतो त्यास पोरकटपणा म्हणून हंसण्याची चाल आपल्या सुशिक्षित घरांत आहे. ज्याचा पैसा तो नेमणार, ज्यास वेतन तो खेळणार. तिऱ्हाइतानें त्यांत जीव कां जाळावा, असें ओटीवरची वडील मंडळी विचारतात. आणि माजघरांतलीं मुलें दोन दिवस घुश्शांत राहून तिसऱ्या दिवशीं पुनः तोच खेळ पाहूं लागतात. येणेंप्रमाणें वाद मिटतो, पण सुटत नाहीं. भोरच्या पेठेंत असो कीं वेल्ह्याच्या डोंगरकुशींतल्या एखाद्या वाडीवर असो, जेथें खेळ पोंचला आहे तेथें हा वादही पोंचला आहे. आणि आमच्या मतें तो केवळ खेळाचा वाद नव्हे. मान कोणास द्यावा, दिलेला मान परत कसा घ्यावा, आणि तो ज्याच्याकडे गेला त्याच्याशीं इतरांनीं कसें वागावें, असे तीन प्रश्न त्यांत आहेत. आणि ज्या घरांत चार भावांचे संसार एकत्र नांदतात त्या घरास ते नित्याचेच आहेत.

प्रथम अलीकडचें उदाहरण घेऊं. क्रिकेटच्या ‘मुंबई इंडियन्स’ या संघाचें नेतृत्व २०१३ सालापासून रोहित शर्मा यांजकडे होतें, आणि त्यांच्या नेतृत्वाखालीं त्या संघानें २०१३, २०१५, २०१७, २०१९ व २०२० अशीं पांच वेळां अजिंक्यपद मिळविलें. १५ डिसेंबर २०२३ रोजीं संघचालकांनीं जाहीर केलें कीं, पुढील हंगामांत हार्दिक पंड्या हे कर्णधार राहतील. पंड्या मूळचे याच संघांत वाढलेले; मध्यंतरीं गुजरातच्या नव्या संघाचे नायक होऊन, २०२२ सालीं पहिल्याच हंगामांत त्या संघास विजयी करून, ते नुकतेच परत आले होते. तेव्हां नेमलेला मनुष्य नालायक होता असें कोणासही म्हणतां येण्यासारखें नव्हतें. तथापि लोक खवळले. १ एप्रिल २०२४ रोजीं मुंबईस वानखेडे मैदानावर पंड्या नाणेफेकीसाठीं पुढें आले, तेव्हां घरच्याच प्रेक्षकांनीं त्यांची अशी हुर्यो उडविली कीं, तेथें बोलण्यास उभे असलेल्या संजय मांजरेकरांस लोकांना नीट वागण्याविषयीं सांगावें लागलें. त्या हंगामांत मुंबईनें चौदा सामन्यांपैकीं चारच जिंकले व दहा संघांत तिचा क्रमांक शेवटचा लागला.

लोकांच्या रागांत तथ्य नव्हतें काय? होतें. दहा वर्षें ज्यानें घर चालविलें त्याच्या जागीं दुसरा बसला, ही गोष्ट लोकांस एका पत्रकानें कळली. आंत काय बोलणें झालें तें आंतल्यांस ठाऊक. बाहेर आला तो नुसता निर्णय. ज्यांनीं तिकिटें काढलीं, ज्यांनीं आपल्या मुलांस त्या संघाचे निळे सदरे घेऊन दिले, त्यांस वाटलें कीं, आपली यांत कांहींच गणना नाहीं. हें दुःख खोटें म्हणवत नाहीं.

पण राग निघाला कोणावर? ज्यांनीं निर्णय केला ते मालक व चालक कोणाच्या हातीं लागणारे नव्हते. मैदानांत उघडा सांपडला तो नवा मानकरी. आपल्या घरांतून असेंच होत नाहीं काय? सासूबाईंनीं भांडारघराच्या किल्ल्या थोरलीऐवजीं धाकट्या सुनेच्या हवालीं केल्या, तर सासूबाईंस विचारण्याचें धैर्य कोणासही होत नाहीं. मात्र त्या दिवसापासून धाकटीनें वाढलेल्या आमटींत प्रत्येकास मीठ कमी लागूं लागतें. ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्यावरचा राग ज्याला बोललें तर चालतें त्याच्यावर काढणें, हा मनुष्याचा जुना दुबळेपणा आहे, व पन्नास हजार लोकांनीं मिळून केल्यानें तो पराक्रम ठरत नाहीं.

या प्रकरणाचा शेवट मोठा बोधप्रद झाला. २९ जून २०२४ रोजीं बार्बाडोस येथें विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत शेवटच्या षटकांत प्रतिपक्षास १६ धावा हव्या होत्या. भारताचे कर्णधार रोहित शर्माच होते, आणि त्यांनीं चेंडू दिला तो हार्दिक पंड्यांच्या हातीं. भारत ७ धावांनीं जिंकला. ज्याच्यासाठीं लोक भांडले त्यानेंच, ज्याच्याशीं लोक भांडले त्याच्यावर सर्वांत अवघड घटकेला भरंवसा टाकला. ४ जुलै रोजीं विजयी वीर मुंबईस आले, तेव्हां त्याच वानखेडेवर पंड्यांच्या नांवाचा जयघोष झाला. हें पाहून आनंद वाटला. परंतु पुरता समाधानकारक तो नव्हता. विजयानें धुऊन गेलेला राग हा विचारानें सोडलेला राग नव्हे. बार्बाडोसला सामना हरला असता तर काय घडलें असतें, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं विचारावें.

कित्येकदां तर राग धरण्यास योग्य असा धनीच सांपडत नाहीं. फुटबॉलमध्यें बार्सिलोना क्लबचा लिओनेल मेस्सी हा लहानपणापासून तेथेंच वाढलेला खेळाडू. ऑगस्ट २०२१ मध्यें त्यास क्लब सोडावा लागला, कारण क्लबच्या डोक्यावर कर्जाचा बोजा झाला होता व वेतनावर स्पॅनिश लीगनें घातलेल्या मर्यादेंत त्याचा नवा करार बसेना. लोक मैदानाबाहेर जमले, रडले. पण हिशेबाच्या वहीशीं कोण भांडणार? इकडे पुण्यांतही २०१७ सालीं त्या वेळच्या संघानें महेंद्रसिंग धोनी यांस कर्णधारपदावरून दूर करून तें स्टीव्ह स्मिथ यांस दिलें. तो संघ अंतिम सामन्यांत मुंबईकडून अवघ्या एका धावेनें हरला, आणि त्यानंतर तो संघच राहिला नाहीं. त्याची मुदतच मुळीं दोन वर्षांची होती. ज्या संस्थेचें आयुष्य दोन पावसाळ्यांचें, तिनें लोकांपाशीं पिढ्यान् पिढ्यांची निष्ठा मागावी, ही या नव्या व्यापाराची गंमत आहे.

मग प्रेक्षकांनीं नुसतें पाहत राहावें काय? तसेंही नाहीं. १९७३ च्या आरंभीं इंग्लंडविरुद्ध कानपूरच्या कसोटींत सलीम दुराणी यांस वगळलें, तेव्हां ‘दुराणी नाहीं तर कसोटी नाहीं’ अशी हाकाटी झाली. मुंबईच्या पुढच्या कसोटींत दुराणी परत आले व त्यांनीं पहिल्या डावांत ७३ धावा केल्या. लोकांनीं येथें मागणी केली ती निवड करणाऱ्यांपाशीं. दुराणींच्या जागीं खेळलेल्याचा कोणीं उपमर्द केला नाहीं. एवढा विवेक ठेवला तर लोकमतास वजन येतें.

तथापि या सर्वांहून मोठें प्रकरण शंभर वर्षांमागचें आहे, आणि तें आपल्या वर्गास विशेष लागू असल्यामुळें जरा सविस्तर सांगतों. बाळू पालवणकर हे अस्पृश्य मानलेल्या चर्मकार समाजांतले. पुण्यास पारशांच्या क्लबांत खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचें काम महिना ३ रुपयांवर करीत. पुढें युरोपियनांच्या पूना क्लबांत ४ रुपयांवर गेले व तेथें ग्रेग या नामांकित फलंदाजास सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां स्वतः असामान्य गोलंदाज झाले. पुण्याच्या हिंदूंच्या संघास युरोपियनांस हरवावयाचें होतें, म्हणून बाळूंस संघांत घेतलें. मैदानांत त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांनीं हातांत घेतला; पण चहाच्या वेळीं त्यांचा चहा मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत. चेंडूला विटाळ नव्हता, कपबशीला होता!

पुढें बाळू मुंबईस गेले. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांचा पराभव केला त्यांत त्यांचा वांटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरावर बळी घेतले. शिवराम, गणपत व विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधूही नामांकित खेळाडू झाले. पण कर्णधारपदाचा प्रश्न निघाला कीं, ज्येष्ठता व गुण दोन्ही असूनही बाळूंचें नांव मागें पडे. त्या पदावर नेमलेले एम. डी. पै यांनींच, हा मान वस्तुतः बाळूंचा होता, असें उघडपणें बोलून दाखविलें. अखेर १९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूंस संघांतूनच वगळण्यांत आलें. पै आजारी असल्यानें नेतृत्व दि. ब. देवधरांकडे दिलें. देवधरांच्या योग्यतेविषयीं शंका नाहीं. पण विठ्ठल व शिवराम यांचा अनुभव अधिक होता. बाळूंचें वय तेव्हां पंचेचाळिशीच्या घरांत होतें, म्हणून त्यांस विश्रांति दिली असें म्हणावें, तर भरांत असलेल्या भावांचा विचार कां झाला नाहीं, यास जातीवांचून दुसरें उत्तर सांपडत नाहीं.

दोघां भावांनीं काय केलें? त्यांनीं देवधरांस शिव्या दिल्या नाहींत. आपण खेळणार नाहीं असें कळवून त्याचें कारण लोकांपुढें मांडलें. लोकांत चर्चा झाली, आणि अंतिम सामन्यास बाळूंस परत बोलावून उपकर्णधार करण्यांत आलें; भाऊही परतले. सामना चालू असतां पै कांहीं वेळ मैदानाबाहेर राहिले व तेवढा वेळ हिंदूंचें नेतृत्व बाळूंनीं केलें. १९२३ सालीं विठ्ठल पालवणकर रीतसर कर्णधार झाले व त्यांच्या नेतृत्वाखालीं हिंदूंनीं युरोपियनांस हरविलें. ज्यांनीं बाळूंस डावललें ते कोणी दुष्ट राक्षस नव्हते. आपल्या आजोबा-पणजोबांसारखेच शिकलेले, सभ्य, आणि घरीं प्रेमळ असे गृहस्थ होते. म्हणूनच हें प्रकरण विसरतां कामा नये. अन्याय करतांना मनुष्याला आपण अन्याय करीत आहों असें क्वचितच वाटतें. आपण रीत पाळीत आहों असेंच वाटतें.

आतां यावरून एक कसोटी सहज निघते. आवडता मानकरी दूर झाला म्हणजे पहिल्यानें हें पाहावें कीं, कारण त्याच्या खेळांत आहे कीं त्याच्या जन्मांत, गटांत किंवा कोणाच्या मर्जींत आहे. कारण खेळांत असेल तर दुःख करावें, पण दोष देऊं नये. वय कोणास चुकलें आहे? कारण दुसरीकडे असेल तर गप्प बसणें हेंच पाप, आणि तेथें विठ्ठल-शिवरामांचा मार्ग धरावा: निर्णय करणाऱ्यांस जाब विचारावा, आणि नव्या माणसास मोकळें ठेवावें.

राहिला प्रश्न मान परत कसा घ्यावा हा. त्याचें उत्तर आमच्या या मावळांतच आहे. भोरजवळच्या कारीचे कान्होजी जेधे यांजकडे शिवाजीमहाराजांच्या दरबारीं पहिल्या मानाचा हक्क होता. १६६० च्या जुलैंत हिरडस मावळांतल्या बांदलांच्या लोकांनीं, बाजीप्रभु देशपांडे यांजसह, पावनखिंडींत प्राण वेंचून महाराजांस विशाळगडीं पोंचूं दिलें. परंपरा अशी सांगते कीं, त्या पराक्रमाबद्दल पहिला मान बांदलांस द्यावा असें महाराजांच्या मनांत आलें. परंतु हुकूम न काढतां त्यांनीं आधीं जेध्यांस विचारलें, आणि जेध्यांनीं आपण होऊन तो मान बांदलांस दिला. जेधे व बांदल यांचें पूर्वीं वैर होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या गोष्टीची थोरवी कळते. मान गेला, पण जेधे लहान झाले नाहींत. मान मिळाला, पण बांदलांकडे कोणीं वांकड्या नजरेनें पाहिलें नाहीं.

ज्यांच्या हातीं किल्ल्या आहेत त्यांनीं हें लक्षांत ठेवावें. थोरल्याकडून कारभार काढून धाकट्यास द्यावयाचा असेल तर खुशाल द्यावा. तो अधिकार घरच्या वडिलांस आहे, तसाच क्लबच्या धन्यासही आहे. पण आधीं थोरल्यास जवळ बसवून सांगावें, आणि चारचौघांत तो मान त्याच्याच हातून देववावा. एवढें केलें तर धाकट्याची आमटी अळणी लागणार नाहीं.