भाजे परिसरातील ग्रामस्थ, बंगलेमालक आणि पर्यटकांना जाहीर आवाहन

खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले, तेव्हापासून लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांत अडवलेले मावळचे पाणी, जे एरवी पूर्वेला भीमेकडे वाहत गेले असते, ते सुमारे 500 मीटर खाली कोकणात सोडून त्यावर मुंबईसाठी वीज निर्माण केली जाते. कोळसा न जाळता मिळणारी ही वीज स्वच्छ खरी. परंतु ज्यांची जमीन आणि पाणी गेले ते एक, आणि ज्यांच्या घरी दिवे लागले ते दुसरेच होते. शेजारच्या मुळशीत 1921 मध्ये सुरू झालेला आणि सेनापती बापटांनी नेतृत्व केलेला सत्याग्रह याच विषमतेविरुद्ध होता.

आज ही विषमता अधिक दूरवर पोहोचली आहे, कारण राज्यातील बरीचशी वीज कोळशापासून येते, आणि कोट्यवधी वर्षांत तयार झालेला हा साठा काही पिढ्यांत संपवताना बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा काही अंश हजारो वर्षे वातावरणात टिकतो. भाजे लेणी कोरून सुमारे 2200 वर्षे झाली; आजच्या धुराचा भार तितक्याच दूरच्या पिढ्यांवर पडणार आहे, आणि त्यांची संमती कोणीही घेतलेली नाही. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे थोड्या वेळात कोसळणाऱ्या मुसळधार पावसाची शक्यता वाढते. जुलै 1989 मध्ये दरड कोसळून या गावाने माणसे गमावली. त्या एका दुर्घटनेचे खापर हवामानबदलावर फोडणे योग्य नव्हे. मात्र विसापूरच्या पायथ्याशी, ज्यांचा वीजवापर शहराच्या मानाने नगण्य आहे अशा घरांचा धोका इतरांच्या चैनीमुळे वाढणे हे अन्यायाचेच आहे.

म्हणून ज्याचा वापर अधिक, त्याची जबाबदारीही अधिक, हे तत्त्व मान्य करून बंगलेमालकांनी छतावर सौरपॅनेल बसवावीत आणि घर रिकामे असताना बागेतील व फाटकावरील दिवे बंद ठेवावेत. पावसाळ्यात धबधब्यांसाठी येणाऱ्यांनी मोटारी घरी ठेवून पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे व पुढची वाट पायी चालावी. वृद्ध आणि अपंगांना अर्थातच ही अपेक्षा लागू नाही. ग्रामस्थांकडून मागणे थोडे आहे, पण तातडीचे आहे: बांधकामासाठी डोंगरउतार कापू देऊ नये, उतारावरील झाडी राखावी, आणि येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत सार्वजनिक दिवे व पाणीपुरवठ्याचे पंप सौरऊर्जेवर चालवण्याचा ठराव मांडावा. या ठरावाच्या चर्चेला बंगलेमालकांनीही आवर्जून उपस्थित राहून खर्चातील आपला वाटा तेथेच जाहीर करावा, असे कळकळीचे आवाहन आहे.