बाकावरची समता

केडगाव हे एकेकाळी नगरच्या वेशीबाहेरचे, रेणुकादेवीच्या स्थानामुळे ओळखले जाणारे खेडे. आज ते अहिल्यानगर महापालिकेचे उपनगर आहे. पुणे रस्त्यालगत प्राध्यापक, वकील व अधिकारी यांची घरे उभी राहिली. नेप्तीच्या कांदाबाजारात गोण्या वाहणाऱ्यांची व धुणीभांडी करणाऱ्यांची बिऱ्हाडेही आसपासच आहेत. दोघांची मुले एका शाळेत क्वचितच जातात, आणि त्याचे वैषम्य सुशिक्षितांस वाटताना दिसत नाही.

ती एकत्र शिकावीत म्हणूनच २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असली, की खासगी शाळा या जबाबदारीतून मोकळी! शहरात अशी शाळा नसलेला किलोमीटर दिवा घेऊनच शोधावा लागेल. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. जयंतीच्या व्यासपीठावरून समतेवर तासतास बोलणारा आमचा सुशिक्षित वर्ग त्या पाच महिन्यांत कोठे होता?

रयतेच्या घामाचा महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हे गाऱ्हाणे जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते याच नगरात, मिस फरार यांच्या संस्थेत. हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, आणि आपल्या मुलाच्या शेजारी कोण बसणार याची चौकशी करूनच शाळा निवडतो.

शुल्काचा परतावा शासनाकडून वेळेवर मिळत नाही, ही संस्थाचालकांची तक्रार रास्त आहे. तो हिशेबाचा प्रश्न असून शासनाने तो सोडवावा. परंतु 'दर्जा खालावेल' ही पालकांची कुजबुज हिशेबाची नव्हे. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. सहा वर्षांच्या मुलास शेजाऱ्याच्या बापाचे उत्पन्न ठाऊक नसते. ते त्याला संध्याकाळी घरी कळते.

केडगावातील पालक-शिक्षक संघांनी पुढील सभेत दोन प्रश्न विचारावेत: आपल्या शाळेतील राखीव जागांपैकी किती भरल्या, आणि त्या मुलांकडून पुस्तके, गणवेश वा सहलीच्या नावाखाली काही रक्कम घेतली जाते काय? शिवाय संगणकावर अर्ज भरणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी प्रवेशाच्या दिवसांत दोन रविवार तरी आमच्या पदवीधरांनी द्यावेत.