टपभर पुण्य

मासे केव्हा धरायला सुरुवात करावी, हा प्रश्न जैन बाईने विचारायचाच नसतो. आमच्याकडे त्याचं उत्तर एकच : कधीच नाही. ते उत्तर मला मान्य आहे. ज्या घरात कांदा शिजत नाही तिथे मासोळीचं काय घेऊन बसलात! पण "कधीच नाही" म्हणून पाठ फिरवली की नदीवर काय चाललंय ते बघायची जबाबदारीही आपोआप संपते. ती सोय आपण फार वर्षं भोगली, बायांनो.

माझा भाचा कॅनडात, ऑन्टारिओत नोकरीला आहे. तिथे बर्फ वितळून तळी मोकळी झाली की ऑफिसातल्या लोकांना गळ घेऊन बास नावाच्या माशामागे जायची घाई सुटते. त्यालाही बोलावतात. तो जात नाही, एवढं ऐकल्यावर माझ्या बहिणीचा जीव भांड्यात पडला. मला मात्र त्याचं पुढचं बोलणं लागलं. "मावशी, बर्फ गेलं तरी लगेच धरता येत नाही. बहुतेक तळ्यांवर जूनपर्यंत बासला बंदी असते." का, तर पाणी जरा कोमट झालं की नर उथळ पाण्यात शेपटीने खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते, आणि नर तिथे राखण करत बसतो. त्याला गळाने वर ओढला, मग फोटो काढून परत सोडला तरी, तेवढ्या वेळात दुसरे मासे अंडी खाऊन मोकळे होतात. म्हणजे सोडून देणाऱ्याच्या हातूनही घरटं मोडतंच.

सोडून देणाऱ्याच्या हातून. हे वाक्य ऐकताना मला आमचे टप आठवले.

काही वर्षांपूर्वी आषाढात आमच्या बायांच्या मंडळाने जीवदयेचा कार्यक्रम ठरवला. जिवंत मासे विकत घ्यायचे आणि नदीत सोडायचे. वर्गणी जमवण्यात मीच पुढे होते. आदल्या दिवशी निरोप धाडला, सकाळी पाच प्लास्टिकचे टप आले. पाणी वीतभर आणि मासे दाटीवाटीने. आधी स्तवन, मग भाषण, मग फोटो. तोवर निम्मे मासे उताणे झाले होते. पोटं टम्म फुगलेली. मी टप घेऊन आलेल्या बाईला विचारलं, यांची पोटं अशी का? ती म्हणाली, "गाभोळीनं भरल्या हायेत ना बाई. अंडे घालाचे दिवस हायेत."

"मग धरल्या कशाला?"

"तुमीच सांगतलं ना, पाच टप पायजे म्हून. नाई तं या दिवसात जाळं कोन टाकते? बंदी हाये."

बंदी आहे हे तिला माहीत होतं. शिकल्यासवरलेल्या आम्हा चाळीस बायांपैकी एकीलाही नव्हतं.

तर ती बंदी अशी. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नदीत आणि नदीशी जोडलेल्या पाण्यात मासे धरायचे नाहीत, विकायचे नाहीत, वाहून न्यायचे नाहीत. नियम १९७२ चा आहे. मोडला तर वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या लहान तळ्यांचा नदीशी संबंध नाही ती तेवढी वगळलेली. कारण साधं आहे. रोहू, कतला, मिरगल साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पूर आला, पाणी काठावर पसरलं की घालतात. किलोभराच्या एका रोहूच्या पोटात दोन-दोन लाख अंडी असतात. म्हणजे आषाढातला एक टप हा माघातल्या एका टपाएवढा नसतो. हिंसा मोजायचीच तर नीट मोजा.

आणि मरळ! ती तर त्या कॅनडाच्या बासची बहीणच. तिची पिल्लं लालसर पुंजक्याने पाण्याच्या वर वर हिंडतात आणि आईबाप खालून राखण करत असतात. जाणकार माणूस तो लाल पुंजका हेरतो आणि बरोबर त्याखाली गळ टाकतो. पिल्लांची राखण हीच आईबापाच्या मरणाची खूण होते. हे ऐकलं तेव्हा त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

आता आपल्या पर्युषणाकडे या. आठ दिवस मटणाची, मासळीची दुकानं बंद राहावीत म्हणून आपण निवेदनं देतो. अहमदाबादेत पर्युषणात कत्तलखाने बंद ठेवण्याचा महापालिकेचा निर्णय २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला, हे आपल्याकडे पोरांनाही पाठ असतं. पण पर्युषण येतं पोळ्याच्या आगेमागे. इकडे जामच्या पात्रात गोटमारीचे दगड उडायचे दिवस येतात, तिकडे आपली निवेदनं निघतात. तोवर १५ ऑगस्ट उलटलेला असतो, गाभोळीच्या मासोळ्या बाजारात येऊन, तळून, खाऊन झालेल्या असतात. आपल्या आठ दिवसांसाठी आपण भांडतो. मासोळीच्या साठ दिवसांसाठी पांढुर्ण्यात नाही, सौंसरात नाही, कुठेच एक कागद निघाल्याचं मी पाहिलं नाही. साधू-साध्वी पावसाळ्यात विहार थांबवतात तो का? पावसात पावलागणिक जीव उपजतो म्हणून. मग तोच पावसाळा पाण्याखाली नसतो काय?

आमच्या घरचंही सांगते, नाहीतर म्हणाल दुसऱ्याच्याच उष्ट्यावर बोट ठेवते. आमच्या दुकानात दोर, ताडपत्री आणि नायलॉनची जाळी विकली जाते. बारीक घराची जाळी सर्वांत जास्त मृगाच्या सुमाराला खपते. ती काही सगळी भाजीच्या वाफ्यांवर जात नाही. मी ह्यांना म्हटलं, हे दोन महिने ती काढून ठेवा. हे म्हणाले, "आपण नाही विकली तर शेजारचा विकेल." खरं आहे. पण हेच वाक्य खाटकाने म्हटलं तर आपण ऐकून घेतो का? दोन पावसाळे झाले, ती जाळी आता जूनमध्ये माळ्यावर जाते. गल्ल्यात फरक पडला, तो मी हिशेबात बघते आणि गप्प बसते.

एक ज्येष्ठ मला म्हणाले, म्हणजे १६ ऑगस्टपासून मारायला तुमची परवानगी का? काका, माझी परवानगी मागायला कोणी येत नाही. नदी जैन नाही. काठावरच्या ढिवरांचं पोट तिच्यावर आहे आणि ते आपल्या प्रवचनाने भरत नाही. ते दोन महिने जाळं वर टांगतात तेव्हा घरात काय शिजतं, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलं? सरकारी मदतीची योजना आहे : मच्छीमाराने आधी १५०० रुपये भरायचे, सरकार ३००० घालतं, असे ४५०० बंदीच्या काळात परत मिळतात. कोणाकोणाला ते १५०० भरणंच जमत नाही. आमच्या पाच टपांच्या पैशांत कितीतरी घरांचा हा वाटा भरला असता, आणि त्या घरांनी जी जाळी टाकली नसती तिचा हिशेब लाखांत करावा लागला असता.

शिवाय विकत आणलेले मासे कुठले, हे तरी आपण बघतो का? त्यात थाई मांगूर असतो. त्याच्या पाळण्यावर २००० सालापासून देशात बंदी आहे, कारण तो बाकीच्यांना खाऊन टाकतो. तो नदीत सोडायचा आणि घरी येऊन सामायिक करायचं!

मृग जवळ आला आहे. मंडळाच्या बैठकीत पुन्हा टपांचा विषय निघेल, मला माहीत आहे. त्या वर्गणीच्या यादीत माझं नाव लिहू नका. पंधराशेची यादी करणार असाल तर पहिलं लिहा, पैसे मी बैठकीतच आणते.